मणके

आमच्या सोसायटीच्या पाटीवर दुसऱ्या मजल्यासमोर जे आडनाव रंगवलं आहे ते कोणी वापरत नाही. सगळे त्यांना मणके म्हणतात. कुरियरवाला पोरगा पाटी वरून खाली वाचतो, खालून वर वाचतो आणि शेवटी वॉचमनला विचारतो, “इथं मणके कुठं राहतात?” एका वर्षी गणपतीच्या वर्गणीची पावतीच ‘श्री. मणके’ या नावाने फाटली. काकांनी ती उजेडात धरली, आकडी आणि अक्षरी रक्कम ताडून पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली. नाव नजरेतून सुटलं म्हणावं, तर माणूस ऑडिटमधून रिटायर झालेला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पावत्यांवर आक्षेप काढलेले.

नावाचं कारण जिन्यात कळतं. मणके जिना सरळ उतरत नाहीत, खेकड्यासारखे आडवे उतरतात. दर पाचव्या पायरीला थांबतात, डावा हात मागे नेतात, डोळे मिटतात आणि दुसरा कोणी ‘रामा, रामा’ म्हणेल त्या सुरात म्हणतात, “फोर-फाइव्ह.” कंबरेत मणके पाच. त्यातल्या चौथ्या-पाचव्याच्या मधली गादी आणि तिच्या खालची, या दोघी कंबरदुखीच्या जगात सगळ्यात बदनाम. वरच्या गादीशी काकांचं नातं १९८७ पासूनचं आहे, म्हणजे धाकट्या मुलीपेक्षा वर्षभराने जुनं. ‘माझी कंबर दुखते’ असं ते कधी म्हणत नाहीत. “आज फोर-फाइव्ह जरा बोलतेय,” म्हणतात.

एवढं असून पहाटे साडेपाचला हाच माणूस कापडी पिशवी घेऊन देवाला फुलं आणायला बाहेर पडतो आणि पाऊण तासाने परत येतो. पिशवीत फुलं असतात चार.

मला त्यांची गरज पडली ती गेल्या श्रावणात. गॅलरीत कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला. तो उचलायला मी वाकलो आणि तसाच राहिलो. पंचवीस किलोचं धान्याचं पोतं उचलताना हे झालं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. चिमटा प्लॅस्टिकचा होता, त्यातून तुटका. उसण भरली म्हणून आम्ही मीठ भाजून शेकलं, एरंडाचं पान तापवून बांधलं, मलम चोळून अख्ख्या घराला निलगिरीचा वास लावला. उसण आठ दिवसांत जाते असं आई म्हणायची. माझी गौरी-गणपतीला होती, नवरात्रात होती आणि दिवाळीचा फराळ मी उभ्याने खाल्ला.

ताप आला तर लोक विचारतात, किती आहे? खोकला झाला तर विचारतात, कोरडा की ओला? कंबर दुखते म्हटलं की कोणी काही विचारत नाही, थेट पत्ता देतात. पुण्यात तर प्रत्येकाचा ‘एक माणूस’ असतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याचा माणूस सासवडच्या पुढे, गुरुवारी आणि रविवारीच बसतो, हात लावतो आणि नारळ घेतो. इस्त्रीवाल्याच्या मेव्हण्याची नस एका बाईंनी दोन बोटांनी मोकळी केली होती. केस कापणाऱ्याने पत्ता दिला नाही, मान दोन्ही हातांत धरून “लगेच करू का?” असं विचारलं. मी टॉवेलसकट उठलो. बहिणीच्या सासूबाईंनी सांगितलं की पायाळू माणसाचा पाय लागल्याशिवाय उसण जात नाही. बी विंगमध्ये आठवीतला एक मुलगा पायाळू निघाला. त्याच्या आईने क्लासनंतर साडेसातची वेळ दिली. मी सतरंजीवर पालथा पडलो. मुलाने मोबाइलमधून डोळे न काढता माझ्या कंबरेला तीनदा पाय लावला आणि विचारलं, “झालं का काका?” त्याला मी चॉकलेट दिलं. त्याच्या पायाचा स्पर्श मऊ होता एवढं नमूद करतो.

अखेर बायको म्हणाली, “तुम्ही मणक्यांकडे जा. कुठे जायचं ते नाही कळलं तरी कुठे जाऊ नये ते कळेल.”

*

“ये, बस,” मणके म्हणाले. “नको, तिथे नको.”

त्यांच्या हॉलमध्ये बसायच्या पाच जागा आहेत. सोफा बाद, कारण तो गिळतो. वेताची खुर्ची बाद, तिला झोळ आहे. झोपाळ्याचा विचारसुद्धा करायचा नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ मागे कलते. राहिलं लाकडी स्टूल. मी स्टुलावर टेकलो. काका स्वतः उभे राहिले, दाराच्या चौकटीला पाठ लावून, जसा काही भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड.

काकू चहा घेऊन आल्या. काळा चहा, वर लिंबू पिळलेलं, त्यात एक बी तरंगत होती.

“दूध बंद आहे आमच्याकडे,” काकू म्हणाल्या. “पाच वर्षं झाली. कोणी निसर्गोपचारवाल्याने सांगितलं, दूध कंबरेला वाईट. दूध गेलं. कंबर आहे.”

“ते प्रकरण भाग दोनमध्ये आहे,” काका म्हणाले.

माझं कुठे दुखतं हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “कुठे कुठे जाऊन आलास?”

“कुठेच नाही अजून.”

काकांचा चेहरा पडला. मुंजीला बसलेल्या मुलाला गोत्र ठाऊक नसल्यावर गुरुजींचा पडतो तसा. मी घाईघाईने पायाळू मुलाचं सांगितलं. “ते किरकोळ खर्चात टाकू,” ते म्हणाले आणि कपाटातून फाइल काढली. काढताना मात्र गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून काढली. ते माझ्या लक्षात राहिलं.

फाइलीच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर ‘कंबर – भाग ३ (चालू)’ असं लिहिलेलं होतं. भाग एक आणि दोन माळ्यावर. आत अनुक्रमणिका, पानांना आकडे, समासात दुटोकी पेन्सिलीच्या खुणा, लाल आणि निळ्या. प्रत्येक डॉक्टरचा कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, त्याखाली पावती आणि पावतीखाली काकांचा शेरा. ‘निदान मान्य, खर्च अमान्य.’ ‘तपासणी न करता औषध, आक्षेप.’ ‘खुलासा मागवला, पूर्तता प्रतीक्षेत.’ एका मोठ्या सर्जनच्या कागदावर नुसतं ‘घाई’.

“सुरुवात स्कूटरची,” काका म्हणाले. त्या काळी घरोघर चेतक होती आणि थंडीत चालू करायची तर आधी ती एका बाजूला आडवी करायची, मग सरळ, मग किक. १९८७ च्या डिसेंबरात काकांनी स्कूटर आडवी केली, ती परत उभी केली, पण स्वतः उभे राहिले नाहीत. तेव्हाच्या डॉक्टरांनी तीन आठवडे सक्त अंथरूण सांगितलं. पायाला दोरी, दोरीला पलंगाच्या कडेवरून विटा. “आणि गंमत बघ,” काकांनी पेन्सिल उगारली, “एक वर्ष आधी, १९८६ सालीच, अमेरिकेत अभ्यास होऊन गेला होता. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना सात. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या रजा कमी पडल्या, बाकी गुण सारखाच. पण तो पेपर पुण्यात पोचेपर्यंत मी तीन आठवडे काढले आणि विटा परत बांधकामावर गेल्या.”

पुढची अकरा वर्षं ते फळीवर झोपले, कारण कंबरेला कडक गादी चांगली असं सगळेच सांगत. २००३ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी ३१३ कंबरदुख्यांना दोन तऱ्हेच्या गाद्या देऊन पाहिलं, आणि कडकपेक्षा मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. काकांनी हे वाचलं तेव्हा ते फळीवरून उतरून पाच वर्षं झाली होती. तरी त्या फळीचे पैसे त्यांनी समासात ‘वसुलीयोग्य’ म्हणून दाखवलेत.

मग ते मुद्द्यावर आले. “कुठे जायचं हा प्रश्नच लोक चुकीच्या वेळी विचारतात. किराणा दुकानात शिरलास तर साबण मिळेल, चप्पल मिळेल का? सर्जनकडे गेलास तर तो चिरायचं की नाही हे बघणार. वैद्याकडे गेलास तर तो पोट कसं साफ होतं विचारणार. कायरोवाल्याकडे गेलास तर हाडं वाजणार. दुकानाची पायरी चढलास तिथेच तुझं औषध ठरलं. आत कोण काय बोलतं तो नंतरचा भाग.”

त्यांनी चढलेल्या पायऱ्या त्यांनी मला एकेक करून दाखवल्या. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघता एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला आणि “गॅप आहे” म्हणाले. कंबरदुखीत ‘गॅप’ या शब्दाला जो मान आहे तो दुसऱ्या कुठल्या शब्दाला नाही. डॉक्टर वाक्यात कुठेतरी ओझरता म्हणतात आणि पेशंट तो घरी आणून फ्रेम करतो. नसांच्या डॉक्टरांनी उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलला, गुडघ्याखाली कळ जाते का पाहिलं, अंगठा वर उचलायला लावला, टाचणी टोचली. “हा माणूस बरा,” काका म्हणाले, “त्याने निदान हात लावला.” सासवडच्या पुढचा तो गुरुवारवाला फाइलीत होताच. त्याची पावती नव्हती, म्हणून काकांनी नारळाची शेंडी स्टेपल केली होती.

वैद्यांचं पान मोठं होतं. त्यांनी कळ पायात उतरते हे ऐकून ‘गृध्रसी’ असं निदान केलं. गृध्र म्हणजे गिधाड. या दुखण्यात माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून ते नाव.

“चालतात खरे तसेच,” काकू आतून म्हणाल्या.

उपाय म्हणून कटीबस्ती. उडदाचं पीठ घट्ट मळून कंबरेवर त्याची पाळ करायची, छोट्या विहिरीच्या कठड्यासारखी, आणि आत कोमट तेल ओतत राहायचं. दवाखाना लांब म्हणून सात दिवसांपैकी चार दिवस ती घरी झाली. पहिल्या दिवशी पाळ नीट बसली. दुसऱ्या दिवशी काकांना शिंक आली. काकूंनी ही हकिगत मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हातात झारा घेऊन सांगितली. तेल चादरीवरून गादीत, गादीतून जमिनीवर, जमिनीवरून त्यांच्या चपलेखाली. “रोज पाव किलो उडीद डाळीचं पीठ. चार दिवसांचं एक किलो झालं. अहो, दहीवडे झाले असते अख्ख्या मजल्याला.”

“बरं वाटलं का पण?” मी विचारलं.

“वाटलं,” काका म्हणाले. “गरम तेल कोणाला वाईट वाटतं?” शेरा होता: ‘सुख मान्य. रोगमुक्ती सिद्ध नाही.’

*

पण भाग तीनमधलं खरं प्रकरण म्हणजे एमआरआय. ते सांगताना काका चौकटीपासून सुटून खोलीभर फिरायला लागले.

अंगठी, घड्याळ, जानवं – जानव्याला किल्ली होती – सगळं काढून त्यांना त्या नळीत सरकवलं. कानात बोळे. वर छत नाकापासून चार बोटांवर. आणि मग आवाज. “भाद्रपदाच्या आधी ढोलपथकं सराव करतात ना नदीकाठी, तसा. फक्त तू ढोलाच्या आत.” काकांनी ठोके मोजायला सुरुवात केली आणि बाराशे चाळीसवर सोडून दिलं. बाहेर आल्यावर हातात पडला तो सतरा ओळींचा रिपोर्ट. एल-फोर एल-फाइव्हला डिफ्यूज डिस्क बल्ज. त्याच्या खालीही थोडं. काकांनी त्याच्या सात झेरॉक्स काढल्या. एक मुलीला नागपूरला पाठवली. चौतीस वर्षं ज्या दुखण्यावर घरात कोणी पुरता विश्वास ठेवला नव्हता, त्याला शिक्क्यासकट पुरावा मिळाला होता.

हा आनंद दीड महिना टिकला. मग त्यांच्या वाचनात २०१५ चा एक आढावा आला. तेहतीस अभ्यासांतले ३,११० लोक, ज्यांना पाठीचं काहीही दुखणं नव्हतं, त्यांचे स्कॅन एकत्र करून पाहिलेले. गादी फुगलेली सापडली विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत. गादी झिजलेली तर ऐंशीच्या घरात ९६ टक्के. यातल्या कोणाचंच काही दुखत नव्हतं.

“म्हणजे पांढऱ्या केसांसारखंच,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या पेन्शनला हात घातला. “फोर-फाइव्ह फुगलेली असू शकते आणि दुखणं तिचं नसूही शकतं,” ते हळू म्हणाले. हे वाक्य त्यांना अजून जड जातं.

त्यावर कडी पुढे झाली. काकू त्याच वर्षी मार्केट यार्डात केळीच्या सालावरून घसरल्या. पडण्याचं काही निघालं नाही, पण खबरदारी म्हणून त्यांचाही एमआरआय झाला. काकांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून, ओळ ओळ ताडून पाहिले. काकांच्या दोन गाद्या बाद. काकूंच्या तीन, आणि वर एका मणक्याला चोच.

“आणि तुम्हाला काही होत नाही?” मी काकूंना विचारलं.

“कसं होणार? मी वाचला नाही ना,” काकू म्हणाल्या आणि गिरणीतून आणलेला दहा किलोंचा डबा कडेवर घेऊन आत गेल्या.

*

एका ठिकाणी मात्र काकांनी पेन्सिल खाली ठेवली. फाइलीच्या पहिल्याच पानावर, अनुक्रमणिकेच्याही आधी, एक कागद होता. त्याला पावती नव्हती आणि शेराही नव्हता.

“आधी हे,” ते म्हणाले. “लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय? लघवी अडतेय? बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये, बधिर वाटतं? पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून सुटते? यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. रविवार असो, अमावस्या असो. तिथे तास मोजले जातात.”

मी मान हलवली. मग त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. ताप? वजन आपोआप उतरतंय? पूर्वी कॅन्सर? पडला-बिडला होतास? रात्री पडल्या पडल्या दुखणं वाढतं, कुशी बदलूनही थांबत नाही? स्टिरॉइड चालू आहे? आणि पुन्हा एक, घरातल्या तरुण पोरांसाठी: सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली आणि हालचाल केली की सुटते, बसून राहिलं की परत येते, असं महिनोन् महिने असेल तर हाडवैद्य नको, मसाज नको, संधिवाताचा डॉक्टर. “माझ्या साडूच्या मुलाचं सहा वर्षांनी कळलं,” ते म्हणाले. एवढंच. बाकी सगळ्या गोष्टींच्या तारखा सांगणाऱ्या माणसाने त्या गोष्टीची तारीख सांगितली नाही.

माझी सगळी उत्तरं ‘नाही’ आली. काकांनी एकेकापुढे निळी खूण केली. “यातलं एकही ‘हो’ असतं तर मी तुला चहा दिला नसता. रिक्षा बोलावली असती.”

त्यानंतर पुन्हा नेहमीचे मणके. डॉक्टर कसा पारखायचा याचे त्यांचे निकष आहेत आणि ते दवाखान्यात शिरायच्या आधीचे आहेत. वेटिंग रूममधल्या खुर्च्या पाहायच्या. मणक्याचा तज्ज्ञ आणि बाहेर गिळणारा सोफा असेल तर दोनच शक्यता: एक तर त्याला विषय कळत नाही, नाही तर फार चांगला कळतो. आत गेल्यावर तो पेशंटला उभा करून वाकायला लावतो की आधी पिशवीतली फिल्म मागतो, हे घड्याळ लावून बघायचं. आणि पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देणाऱ्याला फक्त एवढंच विचारायचं, “सहा आठवडे थांबलो तर काय होईल?” उत्तरापेक्षा त्याच्या भुवया बघायच्या.

“तर मग मी जाऊ कुठे?” मी विचारलं. दोन तास झाले होते. स्टुलाने माझी कंबर पुरी धरली होती.

काकांनी फाइल उलटली, पुन्हा उलटली. शेवटी पान एक्केचाळीस काढलं. तिथे प्लॅस्टिक होतं आणि आत एक साडेचारशे रुपयांची पावती, बाकी काही नाही.

“ही एक पोरगी आहे. फिजिओथेरपिस्ट. कर्वे रस्त्याच्या आत, गल्लीत. हिच्याकडे मशीन आहे, पण लावत नाही. मी म्हटलं, करंट द्या, सगळे देतात. नाही म्हणाली. ट्रॅक्शन? नाही. चाळीस मिनिटं मला उठवते काय, बसवते काय, वाकवते काय. मग म्हणाली, दुखतं म्हणजे आत काही तुटतंय असं नाही, घाबरून हालचाल बंद करू नका. तीन व्यायाम सांगितले आणि रोज चाला म्हणाली. मी म्हटलं, पट्टा? म्हणाली, काढा. माझ्याकडे तीन पट्टे आहेत. एक तर जर्मन.”

“मग?”

“मग मी विचारलं, परत कधी येऊ? म्हणाली, तीन आठवड्यांनी. बरं वाटलं तर येऊ नका.” काका माझ्याकडे बघत राहिले. “येऊ नका! कुठल्या डॉक्टरच्या तोंडून ऐकलंयस हे? फिल्म नाही, गोळी नाही, फेरी नाही. मी फाइलीत लावू काय?”

शेरा लाल टोकाने होता: ‘सेवा अपूर्ण. व्हाउचर नाही.’

खाली एक कात्रण चिकटवलेलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याची बातमी. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती. समजावून सांगणं आणि व्यायाम याला हो. पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नये. या शेवटच्या वाक्याखाली दोन लाल रेघा होत्या आणि बाजूला काकांची झोकदार सही करून ‘असहमत’.

“एकसष्ट कोटींत माझा नंबर कुठे लागणार?” ते म्हणाले. मला वाटतं त्यांना खरं दुःख त्या आकड्याचं होतं.

निघताना त्यांनी मला पट्टा दिला. जर्मन नव्हे, मधला. एका वहीत तारीख टाकून माझी सही घेतली. दाराशी काकू हळूच म्हणाल्या, “तिच्याकडेच जा तुम्ही. आणि सकाळी सहा-साडेसहाला येत जाऊ नका हां कधी यांच्याकडे, तेव्हा दार लावून पोथी वाचतात. पोथी वाचताना माणसाला धाप कशी लागते ते मात्र देव जाणे.”

*

मी त्या गल्लीत गेलो. सांगण्यासारखं तिथे फार काही घडलं नाही, हेच काकांचं म्हणणं होतं. मी पट्टा लावून गेलो होतो. तिने तो खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा माझ्या हातात दिला नाही, जाताना मीच आठवणीने उचलला. चाळीस मिनिटांनी एका साध्या कागदावर तिने तीन माणसं काढली, काडीची. एक चौपायांवर, पाठ मांजरासारखी वर आणि मग खाली करणारं. एक उताणं, गुडघे वाकवून कंबर उचलणारं. एक पुन्हा चौपायांवर, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, कुठल्या तरी फार गरीब सर्कशीतलं. खाली लिहिलं, ‘रोज. शिवाय अर्धा तास चालणे.’ मला वाटलं, झालं? पहिला आठवडा तर दुखणं वाढल्यासारखं वाटलं आणि मी तिला फोन केला. ती म्हणाली, थोडं कमी करा पण सोडू नका. मी दोन दिवस सोडलं. मग बायकोने कागद फ्रिजवर लावला.

संक्रांतीपर्यंत मी तिळगूळ बसून खायला लागलो. पूर्ण गेलंय असं नाही. पावसाळी हवेत किंवा साडूंच्या गाडीत मागे बसल्यावर आठवण करून देतं. पण चिमटा पडला की मी उचलतो, आणि उचलताना त्याच्याकडे जरा आदराने बघतो.

पट्टा परत करायला गेलो तेव्हा काका आंघोळीला गेले होते. काकूंचा हात कणकेत. “त्या कपाटात खुंटीला लावून टाका,” त्या म्हणाल्या. “दोन्ही दारं उघडा, डावं अडकतं.”

मी डावं दार जोर लावून ओढलं. आतल्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं होतं, आणि त्यामागे गेल्या वर्षीचं, त्यामागे त्याच्या आधीचं. जानेवारीच्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात, एकादशीच्या आणि चतुर्थीच्या बारीक अक्षरांच्या मधून जागा काढून, तीन निळ्या खुणा होत्या आणि एक लाल. एकही दिवस कोरा नव्हता. संक्रांतीला तीन निळ्या, एक लाल. मी पान मागे उलटलं. दिवाळीच्या पाडव्यालाही तीन निळ्या, एक लाल. कॅलेंडरच्या खिळ्याला घडी मोडून मोडून फाटायला आलेला, सेलोटेपने चार ठिकाणी जोडलेला एक कागद अडकवला होता. त्याच्यावरचं काडीचं एक माणूस उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे करून उभं होतं.

“काय बघतोयस?”

काका मागे उभे होते, टॉवेल गुंडाळून, केस ओले.

“काही नाही. पट्टा लावत होतो.”

त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुढे होऊन डावं दार खांद्याने रेटून बंद केलं.

“दुधाचा हिशेब आहे तो,” ते म्हणाले.

“तीन निळे, एक लाल?”

“निळं गाईचं,” ते म्हणाले. “लाल म्हशीचं. तुझा एमआरआय झाला का?”

“नाही काका.”

“मग आक्षेप राहील.” त्यांनी वही उघडून मधला पट्टा माझ्या नावावर जमा केला, तारीख घातली आणि सही घेतली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काळा होता, वर लिंबू पिळलेलं. माझ्या कपात बी आली होती.